एकवर चावतो

आमच्या ओव्हनमध्ये बिघाड होता आणि तरी त्यात केक उत्तम होत असे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. विजेच्या वस्तूंच्या बाबतीत तर ती सर्रास खरी असतात. कॉइल तुटली की ओव्हन गार पडतो. गैरसोय होते, पाहुण्यांसमोर फजिती होते, पण कुणाला इजा होत नाही. याउलट, वीज ठरलेली वाट सोडून थोडी थोडी पत्र्यात उतरू लागली, तर ओव्हन तापतो, केक फुगतो, वरून तांबूसही होतो आणि बिघाड वर्षानुवर्षं आनंदाने घरात नांदतो. आमच्याकडे तो असाच नांदला. फरक एवढाच की त्याच्याशी कसं वागायचं, हे आईने शोधून काढलं होतं.

ओव्हन म्हणजे तो जुना, गोल, ॲल्युमिनियमचा. झाकणाला मधोमध काचेची खिडकी, वर बेकलाइटची काळी मूठ. आज जुन्या बाजारात तो ‘व्हिंटेज’ म्हणून विकला जातो. गिरगावातल्या आमच्या चाळीत तो आला तेव्हा मात्र चाळीतली सगळ्यात आधुनिक वस्तू होता. तोपर्यंत दिवाळीच्या आधी नानकटाईचे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून बेकरीत न्यावे लागत. बेकरीवाला त्याच्या सवडीने ते भट्टीत सारी, आणि आपल्या ट्रेमध्ये दुसऱ्याच्याच नानकटाया परत येण्याचा संभव नेहमी असे. ओव्हन आला आणि हे परावलंबन संपलं. चाळीतल्या निम्म्या घरांच्या नानकटाया मग आमच्याच स्वयंपाकघरात भाजल्या जाऊ लागल्या.

रचना अगदी साधी. खाली भाजक्या मातीची खाचांची प्लेट आणि त्या खाचांमधून फिरवलेली कॉइल. दुसरी कॉइल झाकणात, चिनीमातीच्या मण्यांतून ओवलेली. बाजूला एक बटण: शून्य, एक, दोन, तीन. तापमान दाखवणारा काटा नाही, थर्मोस्टॅट नाही. खिडकीतून बघायचं आणि वास घ्यायचा. पट्टीवर कोरलेलं: 230 व्होल्ट, 1000 वॅट. वायर सुटी, सुताच्या विणीची. तिच्या एका टोकाला भिंतीच्या बोर्डात लावायची दोन पायांची पिन, दुसऱ्या टोकाला जुन्या इस्त्रीला असायचा तसा स्प्रिंगवाला कनेक्टर. अर्थची तार नाहीच, कारण ती जोडायला बोर्डावर जागाच नव्हती. आणि या वायरीच्या पिनेवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. कनेक्टरवर एक, ओव्हनच्या तोंडापाशी एक. चौथा चाळीतल्या बोर्डावर होता. तो चाळीबरोबर गेला.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा खोली रिकामी करताना ओव्हन माझ्या वाट्याला आला. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दोन पायांच्या पिनेला कोण विचारतो? मिस्त्रीने नवी तीन पदरी वायर लावली, तिची हिरवी तार ओव्हनच्या पत्र्याला स्क्रूने कसली. मी बटण तीनवर फिरवलं आणि सगळं घर अंधारात गेलं. दोनवर फिरवलं, तेच. एकवर फिरवलं, तर महाशय मुकाट्याने तापू लागले.

घर अंधारात ढकलणारी वस्तू म्हणजे दारामागच्या डब्यातली आरसीसीबी. तिच्याविषयी घरोघरी फार गैरसमज आहेत. ‘लोड जास्त झाला की ती पडते’ हा त्यातला पहिला. लोडशी तिचा काही संबंध नाही. ते काम शेजारच्या एमसीबीचं. आरसीसीबी फक्त हिशेब बघते. घरात जाणारी फेज आणि परत येणारी न्यूट्रल, दोन्ही तारा तिच्यात एकाच लोखंडी कड्यातून जातात. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली, तर दोघींचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो आणि कडं शांत राहतं. मोजून दिलेलं वाणसामान मोजून परत आलं नाही, तर दुकानदार शटर ओढतो, तसं तिचं. घरातल्या आरसीसीबीला चालणारी तूट असते 30 मिलिअँपिअर. ओव्हन पूर्ण तापताना चार अँपिअरहून थोडी जास्त वीज घेतो. त्याच्या मानाने ही तूट शेकड्याला एकसुद्धा नाही.

एवढी बारीक नजर कशाला? तर त्याचं कारण ओव्हनमध्ये नसून माणसात आहे. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातांतून मोजूनमापून वीज सोडली आणि किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार स्वतःहून सोडू शकतो, हे तपासलं. त्यांच्या निष्कर्षात पुरुषांची सरासरी 16 मिलिअँपिअर आली, बायकांची साडेदहा. त्यापुढे स्नायू असे आखडतात की मूठ उघडतच नाही. याच डॅल्झील यांनी 1961 मध्ये घरगुती वापरासाठी असं गळती पकडणारं यंत्र तयार केलं. हातातून साडेदहा मिलिअँपिअर वाहिले तर हात चिकटतो. फ्यूजच्या तारेला मात्र एवढ्या प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. गिरगावात आमच्याकडे चिनीमातीचा किटकॅट फ्यूज होता. तो ओव्हनच्या बाजूने कधी बोलला नाही आणि आमच्या बाजूनेही नाही.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याच्याकडे सिरीज बोर्ड होता: लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब, पुढे दोन उघडी टोकं. कॉइलला टोकं लावली, बल्ब झगझगला. म्हणजे कॉइल ठीक. मग एक टोक कॉइलला आणि एक पत्र्याला. बल्ब काळाच. “काकू, बॉडी एकदम क्लियर आहे,” तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. शंभर वॅटच्या बल्बला नीट पेटायला चारशेहून जास्त मिलिअँपिअर लागतात. तीस-चाळीसवर त्याच्या तारेत ओळखण्याइतकी लालीसुद्धा येत नाही. हा बल्ब पिढ्यानपिढ्या मिस्त्र्यांनी वापरला आणि सरळसरळ शॉर्ट पकडायला तो आजही उत्तम आहे. पण माणूस मरू शकेल एवढ्या गळतीच्या बाबतीत तो आंधळा आहे.

मग मिस्त्रीने उपाय सांगितला. “अर्थ काढून टाकतो. मग नाही पडणार.”

नसतीच पडली. हिरवी तार तोडली की गळणाऱ्या विजेला जमिनीत जायची वाट उरत नाही, हिशेबात तूट दिसत नाही आणि शटर ओढलं जात नाही. वीज मात्र पत्र्यात येऊन थांबते, पुढची वाट कुणी करून देईल याची वाट बघत. ती वाट म्हणजे ओल्या हाताने झाकण उचलणारी मी. हा उपाय आपल्याकडे इतका रुळलेला आहे की गिझरला, फ्रीजला, वॉशिंग मशीनला तो बिनदिक्कत केला जातो आणि त्याला दुरुस्ती म्हणतात. मला त्याचा राग येतो. बिघाड जागच्या जागी ठेवून तो सांगणाऱ्याचं तोंड बंद करायचं, हे कसलं काम? मी मिस्त्रीला चहा दिला, वायरीचे पैसे दिले आणि पुढचं मीच बघते म्हणाले. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. एवढा आगाऊपणा मला परवडतो.

वायर भिंतीतून काढून ठेवली आणि मल्टिमीटर घेऊन बसले. दोन्ही कॉइली 500 वॅटच्या. 230 चा वर्ग भागिले 500, म्हणजे जवळपास 106 ओहम यायला हवेत. खालची 104 आली, झाकणातली 107. अर्ध्या शतकाच्या लाल तापण्यानंतर ही कामगिरी थक्क करणारी आहे. तिचं श्रेय ज्या धातूला जातं तो निक्रोम: निकेल आणि क्रोमियम, साधारण ऐंशीला वीस. अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाला त्याचं पेटंट 1906 मध्ये मिळालं. त्याआधी विजेवर तापवायला लोखंडाच्या तारा वापरून बघत, त्या हवेत गंजून तुटत; प्लॅटिनम टिके, पण ते कुणाच्या स्वयंपाकघरात येणार? निक्रोम पहिल्यांदा तापतो तेव्हा त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थरच आतल्या धातूला पुढच्या हवेपासून वाचवतो. शिवाय गार असताना आणि लाल असताना त्याच्या रोधात फारसा फरक पडत नाही, थोडे टक्केच. बल्बच्या टंगस्टनचं तसं नाही. गार बल्ब मोजला तर पेटलेल्या बल्बच्या दहावा हिस्साही आकडा येत नाही. तेव्हा कॉइलीविषयी मीटर जे सांगत होतं ते विश्वासाचं होतं.

कॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये मात्र मीटरने काही मेगोहम दाखवले, म्हणजे गळती जवळजवळ नाही. इथे त्याच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता, कारण त्याच्या पोटात 9 व्होल्टची बॅटरी. तेवढ्या दाबाला जी वाट बंद वाटते ती 230 ला सताड उघडी असू शकते. निजलेल्या ओव्हनची साक्ष काढून उपयोग नव्हता.

तेव्हा आईला फोन लावला. आई भावाकडे असते, नव्वदीच्या जवळ आली आहे, कान थोडे कमी, स्मरण शाबूत.

“आई, ओव्हनच्या वायरीवर ते लाल ठिपके कशाचे गं?”

“चावायचा ना तो!” आई म्हणाली, जणू हे सगळ्या जगाला माहीत आहे. “ठिपक्याला ठिपका लावला की नाही चावायचा. पिन उलटी गेली की चावायचा.”

“कुठल्याही नंबरावर?”

“एकवर चावायचाच. ठिपके जुळव नाही तर नको जुळवू. म्हणून एक मी कधी वापरलाच नाही. दोन आणि तीन. आणि तरी पाटावर उभी राहायचे.”

चावतो की नाही हे कळायचं कसं, तर उलट्या बोटांनी, हलकेच. उलट्या का? “सुलट्या हाताने पकडून बसतो ना माणूस.” डॅल्झील यांचं नाव आईने कधी ऐकलं नसणार. (ही पद्धत कुणी करून बघू नये. आईच्या वेळी चाळीची शहाबादी फरशी कोरडी होती, पाट सागवानी होता आणि नशीब बरं होतं, यापलीकडे तिच्या सुरक्षिततेचं कारण मला देता येत नाही.)

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला, कारण आईच्या आणि माझ्या ओव्हनचं वागणं बरोबर उलटं होतं. तिच्याकडे तीन आणि दोन शांत, एक चावरा. माझ्याकडे तीन आणि दोन घर अंधारात नेणारे, एक शांत. ओव्हन तोच.

बटणाच्या मागे काय आहे ते बघितलं की कोडं सुटू लागतं. दोन्ही कॉइलींची एकेक टोकं एका बोल्टवर एकत्र कसलेली आहेत. त्याला मधला बोल्ट म्हणू. तीनवर भिंतीतली एक तार या बोल्टला मिळते आणि दुसरी दोन्ही कॉइलींच्या मोकळ्या टोकांना. दोघी स्वतंत्र तापतात, मिळून 1000 वॅट. दोनवर एकच कॉइल चालते, 500, पण बोल्ट आपल्या जागी, त्याच तारेवर. एकवर कारागिरी वेगळी: वीज एका कॉइलीच्या मोकळ्या टोकातून शिरते, बोल्ट ओलांडून दुसरीत जाते आणि तिच्या मोकळ्या टोकातून बाहेर पडते. दोघींच्या माळेचा रोध चौपट, ताकद 250 वॅट. इथे मधला बोल्ट कुठल्याच तारेला थेट जोडलेला नसतो. तो दोन सारख्या कॉइलींच्या बरोबर मध्ये, म्हणजे निम्म्या दाबावर असतो: 115 व्होल्ट.

आता गळती कुठे आहे ते आईच्या साक्षीवरून ठरवायचं. कॉइलीच्या मध्यावर असती, तर तीनवर त्या जागी पिन सुलट लावा की उलट, 115 व्होल्टच असते. ठिपक्यांना काही अर्थ राहिला नसता. मोकळ्या टोकाला असती, तर एकवरसुद्धा पिन फिरवून ती जागा न्यूट्रलवर आणता आली असती. पण एकवर तो दोन्हीकडून चावायचा. पिन फिरवल्याने तीनवर फरक पडतो आणि एकवर पडत नाही, अशी सगळ्या ओव्हनमध्ये एकच जागा आहे: मधला बोल्ट. ठिपके जुळले की तो न्यूट्रलवर, शून्य व्होल्टवर यायचा. पत्र्यात उतरायला विजेला दाबच उरायचा नाही. नव्या वायरीत मिस्त्रीने सहज जोडलं आणि बोल्ट नेमका फेजवर गेला. तीनवर, दोनवर पूर्ण 230 चा दाब, गळती 30 च्या वर, घर अंधारात. एकवर दाब निम्मा, गळतीही निम्मी, पंधराच्या आसपास. आरसीसीबीला ठरवून दिलेल्या आकड्याच्या निम्म्यापर्यंत पडायची मुभाच नसते. तिथे तो शांत नव्हता, नजरेतून सुटत होता. आई म्हणाली होती तसा एकवर तो माझ्याकडेही चावतच होता, फक्त हिरव्या तारेला.

नेलपॉलिशच्या बाटलीने आणि उलट्या बोटांनी आईने बिघाड एका बोल्टापर्यंत आणून ठेवला होता. पुढे फक्त स्क्रू काढायचे होते.

मजल्यावर एक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर राहतात. त्यांचा मेगर मागून आणला. मेगर 500 व्होल्टच्या दाबाने विचारतो, त्यामुळे उत्तरही तसंच मिळतं. दोन्ही कॉइली बोल्टवरून सोडवून एकेक तपासली: पत्र्याशी काही संबंध नाही, काटा अनंताकडे. मग एकटा बोल्ट तपासला, आणि काटा शून्याच्या कडेला येऊन टेकला.

बोल्ट पत्र्यातून आरपार जातो तिथे त्याच्याभोवती चिनीमातीची बुशी आणि अभ्रकाच्या चकत्या असतात. बुशीला केसासारखी चीर होती. चिरेत वर्षानुवर्षांचं तूप झिरपलेलं, त्यावर रव्याचा, साखरेचा चुरा आणि हे सगळं ओव्हनच्या आचेवर भाजून भाजून झालेला कोळसा. कोळसा विजेला वाट देतो. म्हणून जुन्या बॅटरीच्या सेलमध्ये त्याची कांडी असते. चाळीतल्या निम्म्या घरांच्या नानकटायांनी मिळून ही वाट बांधली होती. आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘कॉइल बदला.’ कॉइलीचा यात काडीचा दोष नव्हता.

अभ्रकाचं एक बरं असतं: त्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ चकतीतून वीज जात नाही आणि पाचशे अंशांपर्यंतची आच त्याला काही करत नाही. प्लॅस्टिकच्या युगातही या जागी त्याला चांगला पर्याय निघालेला नाही. झारखंडातल्या कोडरमाचं अभ्रक एके काळी जगभर जात असे. माझ्या चकत्या मात्र लोहार चाळीतून आल्या. काळबादेवीला लागून असलेल्या या गल्ल्यांत स्विचपासून झुंबरापर्यंत काय वाटेल ते मिळतं, फक्त वस्तूचं नाव न सांगता नमुना पुढे करायचा. मी चिरलेली बुशी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती बोटांत फिरवली, माझ्याकडे न बघता मागे हाक मारली आणि पोऱ्याने तसल्याच बुशींची पुरचुंडी आणून ठेवली. एक देत नाहीत, डझन घ्यावा लागतो. उरलेल्या अकरा बुशी कुणाला हव्या असतील तर सांगा.

एक गोष्ट मी घरात उलगडली नाही. बुडाकडून झाकणाकडे जाणाऱ्या वायरीवर मऊ, पांढरं, कापसासारखं वेष्टण होतं. त्या काळात तापणाऱ्या वस्तूंच्या वायरींवर ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कायमची. डोळ्यांनी बघून ते ॲस्बेस्टॉसच आहे की नाही हे सांगता येत नाही, म्हणून तसंच समजायचं. न खरवडता, पाण्याने ओलं करून वायर अख्खी काढली, पिशवीत बांधून वेगळी ठेवली आणि तिच्या जागी काचधाग्याच्या वेष्टणाची वायर घातली. बाकी साफसफाई जुन्या दात घासायच्या ब्रशने झाली.

मेगर पुन्हा लावला, काटा अनंतावर. बोल्ट आता मुद्दाम न्यूट्रलच्या बाजूला जोडला आहे. हिरवी तार जागेवर. तीन, दोन, एक, सगळ्यांवर घर उजेडात.

आईला फोन करून सांगितलं की आता एकसुद्धा वापरता येतो. तिला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. एकवर काय करायचं असतं, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता आणि मलाही ठाऊक नव्हतं. 250 वॅटवर केक फुगायच्या आधी सुकतो. मग शिळ्या पावाचे काप मांडून बघितले. टोस्ट फार सुरेख झाले, आतपर्यंत खुसखुशीत, पण वेळ इतका लागला की मधे माझी भाजी आणणंही उरकलं.

“मग तवा काय वाईट होता?” आई म्हणाली.